अकरावाली

"किती पुसाल? कान आहे तो, पितळेचं भांडं नव्हे," मास्तर म्हणाले.

रक्त तपासायला आलेल्या बाई पाळी पुसतच राहिल्या. धावपट्टीच्या कडेला टेबल मांडून त्या सकाळपासून तेच करत होत्या. मुलगी फेऱ्या संपवून आली की तिच्या कानाची पाळी स्पिरिटने पुसायची, कोरड्या कापसाने टिपायची, सुई टोचायची, पहिला थेंब पुसून टाकायचा आणि दुसरा यंत्राच्या पट्टीला लावायचा. ते पाहून मास्तरांच्या अंगाचा तिळपापड होत होता. इतकी वर्षं या मैदानावर थेंब त्यांनीच घेतले होते. यंदा क्रीडा मंडळाने बाहेरून माणूस पाठवला, आणि तोही कोण, तर ही कालची पोरगी. चष्मेवाली, अंगाने भरलेली, तोंडातून शब्द न काढणारी. "आमचे कान टोचायला सोनार आलाय," असं त्यांचं दोनदा सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणून झालं होतं.

मोठ्या शिबिरात एकच जागा होती आणि दोघीच उरल्या होत्या. एक मास्तरांची स्वतःची मुलगी, दुसरी एका शिंप्याची. दोघींनी सारख्याच वेगाने सारख्याच फेऱ्या मारायच्या. पळताना रक्तात लॅक्टेट साचतं. शरीर सरावाला रुळलेलं असेल तर त्याचा आकडा खाली राहतो, नसेल तर चढतो. शेवटच्या फेरीनंतर जिचा आकडा कमी, ती जाणार.

मधल्या विश्रांतीत मास्तरांनी अकरावालीची गोष्ट काढली. ती दर वर्षीच्या मुलींना ऐकावी लागायची. बारा वर्षांपूर्वी एक काटकुळी पोर होती. पळायची झकास, पण थेंब घेतला तर आकडा आला अकरा. मास्तरांनी त्याच दिवशी तिला घरी पाठवलं. "जाताना म्हणते कशी, सर, मी दमलेली नाही," असं बारीक रडका आवाज काढून ते सांगायचे आणि मुली हसायच्या. मग बोट उभं करून पुढचं वाक्य. रक्त खोटं बोलत नाही. आकडा एकदा आला की आला.

आजही मुली हसल्या. बाई पट्ट्या मोजत होत्या. त्यांनी त्या पुन्हा पहिल्यापासून मोजल्या.

शेवटच्या फेरीला दोघी बरोबरच आल्या, घामाने निथळत. थेंब पाच मिनिटांच्या आत घ्यावा लागतो. बाईंनी शिंप्याच्या मुलीचा कान पुसायला घेतला. मास्तरांना एवढा धीर कुठला. त्यांनी टेबलावरचं दुसरं यंत्र उचललं, आपल्या मुलीच्या कानाला सुई टोचली आणि आलेला पहिलाच थेंब पट्टीला लावला. असं घेतात, हे त्यांना बाईंना दाखवायचंच होतं.

शिंप्याच्या मुलीचा आकडा आला साडेचार. मास्तरांच्या मुलीचा बारा.

मास्तरांनी यंत्र झटकलं, पुन्हा पाहिलं. मग ते मंडळावर घसरले. यंत्र भंगार आहे, पट्ट्या जुन्या आहेत, पाठवतानाच कुणी बघितलं नसणार. नाचता येईना, अंगण वाकडं. मुलगी बापाच्या तोंडाकडे बघत होती. तिचे डोळे भरून आले.

"बाबा, मी दमलेली नाही," ती म्हणाली.

या वेळी कुणी हसलं नाही.

बाईंनी तक्ता पुढे ओढला आणि पेन उघडलं. सकाळपासून आपण या बाईला काय काय बोललो ते त्यांना एकेक आठवलं. तिच्या जागी ते असते तर त्यांनी बारा लिहून तक्ता मिटलाही असता.

"पुन्हा एकदा घ्या," ते म्हणाले. विनंतीची सवय नव्हती, त्यामुळे तीही खेकसल्यासारखीच झाली.

"आकडा एकदा आला की आला ना, सर?"

बाईंनी पेन ठेवलं. मुलीला जवळ घेऊन तिचे ओले केस मागे केले, मान टिपली, कान स्पिरिटने पुसला, कोरडा केला. पहिला थेंब टाकून दिला. दुसरा त्याच यंत्राच्या नव्या पट्टीला लावला. आकडा आला साडेतीन, आणि मुलीच्या नावापुढे त्यांनी तोच लिहिला.

मास्तरांनी श्वास सोडला आणि लगेच ताठही झाले. यंत्रच बिघडलं होतं, मी मघापासून तेच सांगत होतो, असं ते म्हणू लागले.

"यंत्राला काही झालेलं नाही," कापूस डब्यात टाकत बाई म्हणाल्या. "घामातही लॅक्टेट असतं, भरपूर. कान पुसला नाही की घामच मोजला जातो." त्यांनी चष्मा काढला आणि पहिल्यांदाच मास्तरांकडे सरळ बघितलं. "माझाही तुम्ही पुसला नव्हता, सर. अकरा आला होता."