नन्नाचा हो

"झालं सगळं, बाबा. निघू ना?" मुलीनं जीपच्या खिडकीतून विचारलं.

"हो," बाबा म्हणाले. त्यांना नाही म्हणायचं होतं.

आठ महिन्यांपूर्वी त्यांना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. मागे राहिला एकच शब्द, 'हो'. पाणी नको असलं तरी हो, पाठ दुखली तरी हो. दैवालाही चेष्टा सुचते ती अशी. भाड्यानं जनरेटर देण्याच्या धंद्यात तीस वर्षं सगळे त्यांना 'नन्ना' म्हणत. जनरेटरच्या ट्रेलरला स्वतः तीन फेऱ्या मारल्याशिवाय ते गाडी फाटकाबाहेर सोडत नसत. नन्नाचा पाढा सुरू झाला, की ड्रायव्हर खुशाल चहाला निघून जात.

आज मुलगी पहिल्यांदाच एकटी निघाली होती. बापाची शिकवण तिनं नीट गिरवली. चालवून पाहिलेला जनरेटर थंड होऊ दिला, डिझेलचा कॉक बंद केला, दारांना कड्या घातल्या. जीपमागच्या लोखंडी गोळ्यावर ट्रेलरची वाटी बसवून खटका दाबला. आता खटक्यात पिन घालायची आणि साखळ्या अडकवायच्या, एवढ्यात फोन वाजला. दवाखान्यातून होता, लाइट गेल्याला दोन तास झाले होते. फोन ठेवून तिनं जॅक वर घेतला, चाकांखालचे ठोकळे काढले, मागचे दिवे लावून पाहिले आणि जीपमध्ये जाऊन बसली.

पिन दोरीला लोंबकळत होती. साखळ्या ट्रेलरच्या दांड्यावर तशाच गुंडाळलेल्या होत्या. व्हरांड्यातल्या चाकाच्या खुर्चीतून बाबांना ते स्वच्छ दिसत होतं.

फाटकाबाहेर उतार होता आणि उताराच्या पायथ्याशी बाजार. एखाद्या खड्ड्यात खटका उघडला असता, तर दीड टनाचं धूड मोकळं सुटलं असतं. "हो, हो," बाबा म्हणाले. डावा हात हलवून पुन्हा म्हणाले. मुलीनं हसून हात हलवला आणि गाडी चालू केली. बाबांना रडू आलं. झटक्याच्या दिवशीही ते इतके लाचार झाले नव्हते.

त्यांनी डाव्या हातानं खुर्चीचा डावा ब्रेक सोडला. उजवा ब्रेक लांब होता. मांडीवर आडवं पडून त्यांनी तो कसाबसा ढकलला. खुर्ची व्हरांड्याच्या उतरणीवरून सुटली आणि जीप-ट्रेलरच्या मधल्या दांड्यावर जाऊन आदळली.

गाडी बंद करून मुलगी धावत आली. हे काय भलतंच, चिरडले गेला असता ना, म्हणून तिनं त्यांना फैलावर घेतलं. बाबा नुसते हो, हो म्हणत राहिले. शेवटी खुर्चीचे ब्रेक लावायला ती खाली वाकली. लोंबकळणारी पिन तिच्या डोळ्यांसमोर आली.

तिनं खुर्ची बाजूला नेऊन ब्रेक लावले. मग तिनं पिन घातली, साखळ्या दांड्याखालून फुलीत घेऊन अडकवल्या. ट्रेलरला तीन फेऱ्या मारल्या आणि बाबांपुढे येऊन उकिडवी बसली.

"आता निघू?"

"हो," बाबा म्हणाले. या वेळी त्यांना हो म्हणायचं होतं.