उरलेली ओळ

बालवाडीच्या बाईंनी वर्गातल्या इतर मुलांसारखाच आपल्या लेकाचाही प्रगतीचा तक्ता पेन्सिलीने भरला होता: बटण लावतो, जिना चढतो, चमचा धरतो, आभार मानतो. अशा वीस ओळींपुढे वीस बरोबरच्या खुणा. आता अकराव्या वर्षी आजारापायी त्याचा एकेक अवयव दगा देत होता आणि बाई त्याच तक्त्यातली एकेक खूण खोडत होत्या. आज जेवताना त्याच्या हातातून चमचा तिसऱ्यांदा निसटला. “चमचाच मेला गुळगुळीत,” बाई म्हणाल्या. “आई, लबाडी नको. खोड.” त्यांनी खोडलं. ‘आभार मानतो’ एवढीच ओळ उरली. पुढची पाळी जिभेची, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. बाईंनी भरवलेला शेवटचा घास गिळून तो अडखळत म्हणाला, “थँक्यू. थँक्यू. थँक्यू...” थांबेचना. “अरे, एका जेवणाला किती रे?” “आजचं एकच,” तो म्हणाला. “बाकीची पुढच्या जेवणांची.”