तपासून झालेला पट्टा

डेझमंडने दोनदा तपासलेल्या पट्ट्यातच बेरिल गुडघे टेकून बसली होती.

"तिथे काही नाही," तो म्हणाला. "मी आत्ताच बघितलंय."

"मग माझं यंत्र खोटं बोलतंय, राजा," ती म्हणाली आणि तिने छोटं फावडं मातीत खुपसलं.

शेत नुकतंच नांगरलेलं होतं. साडेसहाशे वर्षांपूर्वी इथे गाव होतं. प्लेगने माणसं गेली आणि वस्ती उठली. आता दर शनिवारी इंग्लंडच्या लिंकनशर परगण्यातली पाच-सहा हौशी मंडळी शेतकऱ्याची परवानगी काढून यायची, मेटल डिटेक्टर फिरवायची. जुनी बटणं निघायची, कमरपट्ट्यांची बकलं, एखादं नाणं.

डेझमंड एप्टन तीन वर्षं येत होता. ट्रॅक्टर दुरुस्तीच्या कामातून निवृत्त झाल्यावर त्याने यंत्र घेतलं, एवढंच सगळ्यांना ठाऊक. त्याची पद्धत मात्र चेष्टेचा विषय झाली होती. तो खुंट्या ठोकून दोरी बांधायचा, हातभर रुंदीचा पट्टा आखायचा आणि त्यातली तसू न् तसू दोनदा पालथी घालायचा. "शेताच्या उवा काढतोयस का रे?" बेरिल विचारायची. तिने जन्मभर शाळेत पोरांना जेवण वाढलं होतं. साठीच्या बाप्यांशीही ती तशीच बोलायची. डेझमंड हसायचा नाही, चिडायचाही नाही. त्याला काही सापडलं की तो ते तिच्या हातावर ठेवायचा आणि पुढे चालू लागायचा.

बेरिलने ढेकूळ फोडलं. आत नखाएवढी चांदीची पेनी होती. पातळ, काळवंडलेली, कडेवर उभी.

"बघ, उभी पडलीय. आडवी असती तर यंत्राने बोंब ठोकली असती. मी तिरकी आले म्हणून जरासं कुईं झालं, इतकंच."

"पण मी दोनदा फिरवलं. सावकाश. जमिनीला टेकवून."

"बघत होते ना मी. तुझ्याइतकं नीट इथे कुणी फिरवत नाही."

"मग?"

"मग काय? तरी राहतं. सगळ्यांचंच राहतं, राजा."

डेझमंडने हेडफोन काढला. "नीट फिरवूनही?"

"नीट फिरवूनही."

त्याने खुंट्या उपटल्या नाहीत, दोरी गुंडाळली नाही. चहाचा थर्मासही तिथेच राहिला. बेरिल मागून हाका मारत होती. तो गाडीत बसला आणि घरी निघाला.

त्याचा मुलगा क्रेग अफगाणिस्तानात होता. तुकडीच्या पुढे डिटेक्टर घेऊन चालायचं, पुरलेले सुरुंग शोधायचे, हे त्याचं काम. तो ज्या वाटेने जाई त्याच वाटेवर मागचे सैनिक पाय टाकत. एका सकाळी त्याच्यामागून तिसरा चालणारा स्टुअर्ट लॅमिंग सुरुंगावर पाय पडून गेला. वीस वर्षांचा होता. चौकशीत क्रेगने सांगितलं, "मी फिरवलं होतं. आवाज आला नाही." घरी आल्यावर त्याने बापालाही तेच सांगितलं. "बरं," डेझमंड म्हणाला होता. क्रेग वर आपल्या खोलीत गेला, आणि तेव्हापासून दोघे हवापाण्यापलीकडे बोलले नव्हते. डेझमंडची हयात इंजिनांत गेली होती. नट सैल निघाला तर तो कुणीतरी सैल ठेवलेला असतो, एवढं त्याला कळत होतं. म्हणून त्याने यंत्र विकत आणलं. नीट फिरवलं तर काही सुटतं का, हे त्याला स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं. तीन वर्षांत काही सुटलं नव्हतं.

क्रेग स्वयंपाकघरात टेबलाशी बसून पत्र्याच्या डब्यातले घेवडे थंडच खात होता. डेझमंडने कोटही काढला नाही.

"नीट फिरवलं तरी राहतं," तो म्हणाला. "आज माझंच राहिलं. मी तुझं खरं मानलं नव्हतं, क्रेग. तीन वर्षं. तुझा काही दोष नव्हता."

क्रेगने काटा खाली ठेवला. मग दूध संपलंय असं सांगावं तशा आवाजात म्हणाला,

"शेवटची सात-आठ पावलं मी फिरवलंच नव्हतं, डॅड. हात भरून आले होते. मी नुसताच चालत गेलो."

हेच ऐकायला लागेल या भीतीने डेझमंड आजवर या टेबलाशी बसला नव्हता. त्याने खुर्ची ओढली, पोराच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ.

"पुढे सांग," तो म्हणाला.