मागची सीट

सकाळी पेटी घेऊन ती दाराबाहेर आली, तर तिच्या सायकलला मागे एक नवी सीट उगवली होती. लाल रेक्झिनची, जाड गादीची. हाताला धरायला वाकवलेली दांडी, दोन्ही बाजूंना फूटरेस्ट. शेजारी नवरा उभा होता. हातात फडकं आणि चेहऱ्यावर लग्नाच्या फोटोतला भाव.

"कशी झालीय?"

पेटी कुठे ठेवावी तेच तिला कळेना. टेकडीवरच्या घरांतून म्हाताऱ्या माणसांचं रक्त तपासणीसाठी घ्यायचं आणि बर्फाच्या पेटीतून लॅबला पोचवायचं, हे तिचं काम. चढ असला, की साधी सायकल अर्ध्यात रडकुंडीला यायची. म्हणून तिने ही जाड टायरची डोंगरी सायकल घेऊन तिला मोटर बसवून घेतली होती. पेटी मागच्या कॅरिअरवर बांधायची. ते कॅरिअर आता भिंतीशी पडलं होतं, कापलेलं.

"कॅरिअर कापलंत?"

"त्यावर माणूस बसतो होय? डबल पाइप टाकलाय. दोन पैलवान बसले तरी हूं की चूं करणार नाही." त्याने सीटवर थाप मारली. तो गेट आणि ग्रिल बनवायचा, आणि वेल्डिंगमध्ये त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, हे तिलाही मान्य होतं. "आजपासून मी चालवणार. तू आपलं मागे आरामात बसायचं. मी सोडेन, मीच आणेन. एकटीने चढावर जायचं काही काम नाही."

तेव्हा तिचं लक्ष पुढच्या सीटकडे गेलं. तिची सीट चांगली वीतभर वर चढवलेली होती, त्याच्या पायांना बरोबर येईल अशी. आणि तिला परवाची संध्याकाळ आठवली. त्याने तिला स्टुलावर बसवून गुडघ्यापासून टाचेपर्यंत टेप लावला होता. ओट्याशी बसायला खुर्ची करतोय असं समजून ती वेडी खूश झाली होती. माप फूटरेस्टचं होतं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"मला एका शब्दाने विचारलंत?"

"विचारून कुणी सरप्राइज देतं का?"

सासूबाई चहाचा कप घेऊन दारात आल्या. "बस की गं. एवढं हौसेनं केलंय त्यानं. माझ्यासाठी कुणी साधं स्टूल नाही केलं कधी."

समोरच्या दुकानातून टेलर हसत बाहेर आला. "गादी कशी वाटली, वहिनी? आतला फोम मी स्वतः निवडला."

म्हणजे टेलरला माहीत होतं. सासूबाईंना माहीत होतं. जिची सायकल, तिलाच तेवढा पत्ता नव्हता. आणि टेलरला गप्प बसवेना. "बरं केलंत, दादा. लोक फार हसायचे हो. वहिनी भुर्रकन मोटरवर, आणि दादा आपले मागून पायी पायी."

नवऱ्याने टेलरकडे असं पाहिलं, की तो गळ्यातला टेप सारखा करायला लागला.

असं होय! काळजी कशाची होती ते तिला आता कळलं. चढावर ती कधीच पडली नव्हती. खाली गेली असेल तर याची मान.

"पेटी कुठे ठेवू?" तिने विचारलं.

"मांडीवर घे."

"आणि धरू काय? पेटी की दांडी?"

"होईल सवय," तो म्हणाला आणि फडक्याने हँडल पुसायला लागला. स्वतःचं असल्यासारखं.

आता मात्र हद्द झाली. वर टेकडीवर म्हातारी माणसं चहाचा घोटही न घेता, उपाशीपोटी तिची वाट बघत बसली होती. नाहीतर तिने तिथेच त्याला फैलावर घेतलं असतं. तिने तिथेच पडलेल्या त्याच्या हत्यारांतला पाना उचलला. पुढच्या सीटचा नट सैल केला, सीट खाली दाबली आणि दातओठ खात नट पुन्हा आवळला. मग हात पुढे केला.

"किल्ली."

"अगं, पण मी..."

"मागची सीट पक्की आहे ना?"

"म्हणजे काय! दोन पैलवान..."

"मग बसा. तुमचं वर्कशॉप वाटेतच लागतं."

टेलर बघत होता. आई बघत होती. नाही म्हणावं तर सीट कच्ची ठरते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्याची गत झाली. त्याने खिशातून किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली आणि मागे चढला. पाय फूटरेस्टवर ठेवले, तसे गुडघे थेट छातीशी आले.

"फूटरेस्ट फारच वर झालेत गं."

"माप तुम्हीच घेतलंत," ती म्हणाली आणि पेटी त्याच्या मांडीवर ठेवली. "आडवी करू नका."

सासूबाईंनी कप तोंडाला लावला तो बराच वेळ खाली घेतला नाही.

सायकल निघाली. सीट खरंच कुरकुरली नाही. कोपऱ्यावर वळताना मागे तोल गेला आणि पेटीतला बर्फ खडखडला.

"अगं, हळू! पेटी धरू की दांडी?"

समोर चढ सुरू होत होता. तिने मोटरचा वेग वाढवला.

"होईल सवय."