दोन रिमोट, एक विमान

रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानांच्या क्लबात नवशिक्याला शिकवताना दोन रिमोट जोडतात. शिकवणाऱ्याने बटण दाबलं की विमानाचा ताबा शिकणाऱ्याकडे जातो. आज शिकवत होते काका, शिकत होत्या काकू, आणि वर घिरट्या घालत होतं काकांनी पोटच्या पोरासारखं जपलेलं लाल विमान. दोघांचे डोळे आभाळात. विमान इतक्या डौलात वळत होतं की काकूंना हसू आवरेना.

"अहो, काय झकास उडवताय!"

"मी कुठे उडवतोय? ताबा केव्हाच तुला दिलाय. तूच उडवतेयस!"

"मी? माझा रिमोट गळ्यात लटकतोय. मी कधीची टाळ्या वाजवतेय!"

काकूंनी वळून पाहिलं. काकांचे दोन्ही हात खिशात होते.

नेमकी तेव्हाच विमानाची बॅटरी संपली आणि पंखा थांबला.

"अगं, तू सांभाळ!"

"मला काय येतंय? तुम्ही सांभाळा!"

दोघांचं भांडण ऐन रंगात आलं, तोवर विमान आपलं आपण तरंगत खाली आलं आणि गवतावर अलगद टेकलं.

सगळा क्लब आरडाओरडा करत धावत आला. "व्वा! इतकं सुरेख उतरवलं कोणी?"

"मी!" दोघंही एकदम म्हणाले.