ॲलर्जी

हृदयरोग विभागाच्या मोठ्या सरांच्या छातीत पेसमेकर बसवायचा मान त्यांच्या लाडक्या शिष्याला मिळाला. महिन्याभरात टाक्यांवरची कातडी लाल झाली, मग तिथून पू यायला लागला. शिष्यानं लांबूनच पाहिलं, जवळ गेलं तर दिसलं असतं.

"ॲलर्जी आहे, सर. गोळ्या बदलून देतो."

"गाढवा, तिसऱ्यांदा बदलतोयस! इन्फेक्शन आहे हे, गोळ्यांनी जात नाही. मशीन काढ, तारांसकट काढ. आत हृदयापर्यंत पोचलं तर मी मरेन."

"काढलं तर इन्फेक्शन झालं असं कबूल करावं लागेल, सर. आपल्या विभागात ते आजवर कुणालाच झालेलं नाही. पेशंट कितीही कण्हला तरी ॲलर्जीच म्हणायचं, हे तुम्हीच तर शिकवलंत. त्याच जोरावर तुमचे एवढे सत्कार झाले."

सर शर्टाची बटणं लावत बाहेर आले आणि बायकोला म्हणाले, "ऊठ, दुसऱ्या हॉस्पिटलात जाऊ."

"अहो, दुसरीकडे कशाला? इथले सगळे डॉक्टर तुमच्याच हाताखाली तयार झालेत ना?"

"म्हणूनच म्हणतोय, लवकर ऊठ."