पाहिलं नाही

ॲम्ब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये फोन घेणाऱ्या ताईंचा महिनाभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. डॉक्टरांनी ठरलेला फॉर्म पुढे ओढला.

"कामावर कधी भयंकर काही डोळ्यांनी पाहिलंत?"

"पाहिलं... नाही."

"मग सुटलात. पहिल्यालाच 'नाही' आलं, की पुढचे पाच प्रश्न विचारायचेच नसतात." त्यांनी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या.

अजून एखादा प्रश्न येईल म्हणून ताई दारापाशी घुटमळल्या. तोवर पुढचा पेशंट आत आला.

खोटं त्या बोलल्याच नव्हत्या. गाडी पोचेपर्यंत आईची छाती दाबत राहा, मोजत राहा, असं त्यांनी एका पोरीला फोनवर सांगितलं होतं. मग नुसतं ऐकलं होतं.

"मावशी, मला शंभरपर्यंतच येतं. परत एकपासून मोजू?"